व्हॉल्व्ह नवा टाकला तरी डोझर दुपारी ढिलाच? लिव्हर न्यूट्रलला असताना तेल कुठं जातं ते आधी बघा

ही तक्रार इतक्या वेळा ऐकलीय की समोरच्यानं अर्धं वाक्य बोललं की पुढचं मला पाठ असतं. सकाळी ट्रॅक्टर चालू केला की डोझर (पुढं बसवलेलं माती ढकलायचं पातं) झकास उचलतो, अकरा-बारा वाजले की रेंगाळायला लागतो, जेवणानंतर तर रेस वाढवून लिव्हर धरून बसावं लागतं आणि उचललेलं पातं बघता बघता खाली येतं, रात्रभर उभा राहिला की सकाळी परत झकास. गॅरेजवाला म्हणतो व्हॉल्व्ह, म्हणजे लिव्हरनं तेल वळवणारा ठोकळा, गेला. नवा येतो, थोडे दिवस बरं चालतं, मग परत तेच आणि मग माणूस म्हणतो की हल्ली माल डुप्लिकेट येतोय. येतोही, नाही असं नाही, पण एकाच ट्रॅक्टरवर दोन-तीन व्हॉल्व्ह लागोपाठ "जात" असतील तर व्हॉल्व्हला दोष देणं थांबवा आणि तेल तापतंय कशानं ते शोधा.

सकाळी चांगला आणि दुपारी ढिला याचा सरळ अर्थ असा की तेल गरम होऊन पातळ होतंय आणि पातळ तेल पंपाच्या गिअरमधून, स्पूलच्या (व्हॉल्व्हमधल्या सरकत्या दांड्याच्या) बाजूनं, जॅकच्या (तेलाच्या दाबानं ढकलणाऱ्या सिलिंडरच्या) सीलवरून, मिळेल तिथून निसटतंय. नव्या व्हॉल्व्हचा स्पूल घट्ट असतो म्हणून थोडे दिवस जाणवत नाही एवढंच. तेल ८० डिग्रीच्या वर रोज जायला लागलं की सीलसुद्धा कडक होऊन तडकतात, मग खरंच व्हॉल्व्हही जातो आणि जॅकही.

आता उष्णता येते कुठून. गणित सोपंय, लिटर प्रति मिनिट गुणिले बार (दाबाचं माप) भागिले ६०० म्हणजे किलोवॅट. पंप मिनिटाला ३० लिटर देतोय आणि ते तेल काहीही काम न करता १५० बारला रिलीफमधून (दाब जास्त झाला की उघडणाऱ्या झडपेतून) परत टाकीत जातंय, तर ३० × १५० ÷ ६०० म्हणजे साडेसात किलोवॅट. आंघोळीचं पाणी तापवायचे दीड हजार वॅटचे पाच रॉड तेलात बुडवून ठेवल्यासारखं झालं हे. २५-३० लिटर तेल असेल तर मिनिटाला आठ-दहा डिग्रीनं चढतं. हाउसिंग, म्हणजे ट्रॅक्टरचा मागचा पेटारा जो तेलाच्या टाकीचं काम करतो, ते थोडीफार उष्णता बाहेर टाकतं म्हणून लगेच उकळत नाही, पण मे महिन्यात सोलापूरकडं बाहेरच ४२ असताना ते तरी किती टाकणार. आणि या साडेसात किलोवॅटसाठी इंजिनचे दहा एचपी फुकट जातात, म्हणजे डिझेलही.

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा, लिव्हर कुणी धरलेलं नाही, मधे आहे, तेव्हा पंपाचं तेल कुठं जातंय?

आपल्याकडच्या ३५ ते ५० एचपीच्या बहुतेक सगळ्या ट्रॅक्टरला साधा गिअर पंप असतो. तो फिरतोय तोपर्यंत तेल ढकलतच राहणार, त्याला थांबता येत नाही. त्यामुळे त्याच्यासाठी व्हॉल्व्ह ओपन सेंटरच पाहिजे, म्हणजे लिव्हर मधे असताना तेल पी (पंपाकडचं तोंड) मधून शिरून सरळ टी (टाकीकडचं तोंड) मधून टाकीकडं जायला मोकळी वाट. क्लोज सेंटर व्हॉल्व्हमध्ये ती वाट मधोमध बंद असते, तो वेगळ्या पंपासाठी असतो, मोठ्या लोड सेन्सिंगवाल्या ट्रॅक्टरांना, ज्यांचा पिस्टन पंप गरज नसली की आपोआप तेल कमी करतो. भंगारातून, जेसीबीच्या किंवा क्रेनच्या जुन्या मशीनमधून उचललेला व्हॉल्व्ह "लई दणकट आहे" म्हणून आपल्या ट्रॅक्टरला लावला आणि तो क्लोज सेंटर निघाला की झालं, लिव्हरला हात न लावताही रिलीफ अख्खा दिवस उडत राहतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. ओळखायचं असेल तर बाकावर ठेवून, स्पूल मधे ठेवून पी मध्ये तोंडानं फुंक मारा, टी मधून हवा आली तर ओपन, नाही आली तर क्लोज. एवढी तपासणी दुकानात उभ्या उभ्या होते.

गेज घ्या राव. ग्लिसरीन भरलेलं ० ते २५० किंवा ० ते ४०० बारचं गेज (दाब दाखवणारं मीटर) आणि एक टी-जोड (तीन तोंडांची फिटिंग), याच्याइतकी उपयोगाची वस्तू दुसरी नाही, आणि गॅरेजात तीच नसते. पी च्या लाईनला टी-जोड टाकून गेज बसवा, कामाच्या रेसवर ठेवा, सगळे लिव्हर मधे. काटा १०-२० बारच्या आसपास राहिला तर ठीक. ३०-४० दाखवतोय तर कुठंतरी पाईप, कपलर नाहीतर व्हॉल्व्ह बारीक पडतोय. आणि १५० दाखवत असेल तर पुढचं काही वाचायची गरजच नाही, तेल रिलीफवरून चाललंय, नवा व्हॉल्व्ह कितीही महागाचा आणा, दुपारी ढिला पडणारच.

आता या चुका होतात कशा ते सांगतो, कारण क्लोज सेंटर व्हॉल्व्ह चुकून लागणं तसं कमीच, जास्त घोळ होतो तो दोन व्हॉल्व्ह एकामागं एक जोडताना. ट्रॅक्टरला मागं स्वतःचा एक डीसीव्ही (तेलाची दिशा बदलणारा व्हॉल्व्ह) असतो, ट्रॉलीसाठी, पल्टी नांगरासाठी. पुढं डोझर किंवा लोडर बसवला की त्याला दोन लिव्हरचा मोनोब्लॉक (एकाच अखंड बॉडीचा) व्हॉल्व्ह येतो. त्याला तेल आणायचं कुठून, तर सगळ्यात स्वस्त जुगाड म्हणजे मागच्या डीसीव्हीच्या दोन कपलरांना (पाईप झटकन जोडायच्या तोंडांना) दोन पाईप, एकातून तेल जाणार, दुसऱ्यातून येणार, आणि मागचं लिव्हर तारेनं नाहीतर ट्यूबच्या रबरानं ओढून बांधून ठेवायचं. असे कितीतरी ट्रॅक्टर रस्त्यावर दिसतात. चालतं का, चालतं. पण परत येणारं तेल सुद्धा त्याच बारीक कपलरमधून आणि मागच्या व्हॉल्व्हच्या पोटातून जातं, तिथं विनाकारण दाब तयार होतो आणि तेल तापतं. त्यापेक्षा वाईट म्हणजे कधी पोरानं ते लिव्हर सोडून उलट्या बाजूला ढकललं तर पंपाचा पूर्ण दाब डोझरच्या व्हॉल्व्हच्या टी पोर्टमध्ये शिरतो. टी ची बाजू एवढ्या दाबासाठी बनवलेलीच नसते, स्पूलच्या टोकाचं सील बाहेर फेकलं जातं नाहीतर बॉडीलाच चीर जाते, आणि मग परत "व्हॉल्व्ह डुप्लिकेट होता".

हा जुगाड ठेवायचाच असेल तर निदान रिटर्न तरी कपलरला देऊ नका, सरळ हाउसिंगमध्ये मोकळी सोडा, जाड पाईपनं, आणि शक्य असेल तर मधे रिटर्न फिल्टर टाका. म्हणजे लिव्हर चुकून उलटं गेलं तरी टी मध्ये दाब शिरायला वाटच राहत नाही.

दुसरा आणि नीट मार्ग म्हणजे पंपाकडून येणारी लाईन आधी डोझरच्या व्हॉल्व्हला द्यायची आणि तिथून पुढं ट्रॅक्टरच्या लिफ्टला (मागचं अवजार उचलणाऱ्या यंत्रणेला). यासाठी पहिल्या व्हॉल्व्हमध्ये पॉवर बियाँड पाहिजे, काही दुकानदार त्याला कॅरी ओव्हर म्हणतात. ही एक छोटी स्लीव्ह असते, ती बसवली की पुढं जाणारं तेल आणि टाकीत परतणारं तेल वेगवेगळं होतं, मग त्या व्हॉल्व्हला तीन लाईन लागतात, आत येणारी, पुढं जाणारी आणि टाकीची. लोक काय करतात, स्लीव्ह नसलेल्या व्हॉल्व्हच्या टी मधूनच पाईप काढून पुढच्या व्हॉल्व्हला जोडतात. रिकाम्या लिफ्टवर चालतं. लिफ्टवर नांगर टांगला की पुढच्या व्हॉल्व्हचा दाब उलटा पहिल्याच्या टी मध्ये येतो आणि परत तेच सील, तीच चीर. विकत घेतानाच विचारा, पॉवर बियाँडची स्लीव्ह बसते का आणि सोबत मिळते का. बऱ्याच मोनोब्लॉकमध्ये जागा असते, स्लीव्ह वेगळी मागवावी लागते, आणि स्लीव्ह लावून टाकीची लाईन जोडायची विसरली तर व्हॉल्व्ह पहिल्याच ओढीला फुटू शकतो, तेव्हा हे काम माहितीतल्या फिटरकडूनच.

साईजचं म्हणाल तर त्यात फार डोकं लावायचं काही नाही. पंप किती सीसीचा आहे, म्हणजे एका फेऱ्याला किती तेल टाकतो, ते बघा. १६ सीसीचा पंप २००० आरपीएमला फिरला तर ३२ लिटर, १००० ला १६ लिटर, थोडी गळती वजा करा. बाजारात पी-४० आणि पी-८० नावानं जे मोनोब्लॉक मिळतात त्यातला आकडा म्हणजे लिटर. ३२ लिटरला पी-४० पुरतो. काहीजण मोठा बरा म्हणून पी-८० घेतात, नुकसान नाही पण लिव्हर हळुवार चालवता येत नाही, जरा ओढलं की बकेट हिसका मारतं. व्हॉल्व्हपेक्षा पाईपाकडं बघा आधी. अर्धा इंची पाईपात ३२ लिटर तेल सेकंदाला सव्वाचार मीटरनं पळतं, ते ठीक, तेच एक सूत वाचवायला तीन अष्टमांशचा पाईप टाकला की साडेसात मीटर, मग पाईप स्वतःच हीटर. रिटर्न तर अर्ध्या इंचापेक्षा जाडच बरा. आणि प्रेशरच्या पाईपाला टू वायरच (तारेच्या जाळीचे दोन थर असलेला) घ्या, अर्धा इंची सिंगल वायरची हद्द १६० बारला संपते, टू वायरची २७५ ला.

खरा निवडायचा मुद्दा स्पूलचा आहे आणि तिथंच दुकानदार काही विचारत नाही, फक्त "किती लिव्हरचा देऊ" एवढंच. कोणत्या कामाला लावणार ते तुम्हीच सांगायला पाहिजे.

पल्टी नांगराला डबल ॲक्टिंग (जॅकला दोन्ही बाजूंनी तेल देणारा) साधा स्पूल, मधे ए आणि बी (जॅककडची दोन तोंडं) दोन्ही बंद. लिव्हर शेवटाला गेल्यावर तिथंच अडकून राहणारं असेल तर नांगर पलटून झाल्यावर ते आपोआप सुटणारं पाहिजे, नाहीतर ड्रायव्हर पुढं बघत नांगरत बसतो आणि मागं रिलीफ उडत राहतो. हेही दुपारी ढिला पडायचं एक कारण, आणि याला व्हॉल्व्हचा काहीच दोष नाही.

डोझरला आणि लेव्हलिंगच्या पात्याला फ्लोट पाहिजे, चौथी पोझिशन, ज्यात ए आणि बी दोन्ही टाकीला मोकळे होतात आणि पातं जमिनीच्या उंचसखलावर आपल्या वजनानं तरंगत जातं. फ्लोट नसला की ड्रायव्हर दिवसभर लिव्हर वरखाली करत राहतो, जॅकवर आणि पुढच्या एक्सलवर हिसके बसतात. बकेट उलटवायच्या दुसऱ्या लिव्हरला फ्लोट नको, तिथं साधाच.

टिपिंग ट्रॉलीचा जॅक सिंगल ॲक्टिंग, तेल एकाच बाजूनं, खाली येतो तो वजनानं. इथं गंमत होते. डबल ॲक्टिंग व्हॉल्व्हचं एक पोर्ट प्लग मारून बंद करतात आणि ट्रॉली चालवतात. वर जाताना काही अडचण नाही, खाली आणताना लिव्हर उलटं ढकललं की ट्रॉलीचं तेल टाकीत जातं बरोबर, पण पंपाचं तेल त्या बंद प्लगवर आदळून रिलीफ उडवतं, इंजिन घों घों करतं आणि दिवसाला वीस-पंचवीस खेपा असतील तर तेल तापणारच. व्हॉल्व्हला सिंगल-डबल बदलायचा स्क्रू किंवा नॉब असतो का बघा, असेल तर सिंगलवर करा, नसेल तर सिंगल स्पूलचा घ्या, फ्लोट असेल तर फ्लोटवर टाकून खाली सोडा. आणि एक, ट्रॉलीचा जॅक तेल भरपूर खातो, सरासरी १०० मिलीमीटर व्यास आणि दीड मीटर उंची धरली तरी जवळजवळ १२ लिटर. ट्रॉली वर असताना ट्रॅक्टरची पातळी तेवढी खाली जाते, पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो, आणि फेसाळ तेलाचा ढिलेपणा हुबेहूब खराब व्हॉल्व्हसारखा दिसतो. तेल फेसाळलेलं दिसलं तर आधी पातळी आणि सक्शनचे (पंपाकडं तेल ओढणाऱ्या पाईपाचे) क्लॅम्प बघा.

हायड्रोलिक मोटर असेल, म्हणजे फिरता ब्रश वगैरे, तर मोटर स्पूल, मधे ए-बी टाकीला मोकळे. साध्या स्पूलवर मोटर लावली की लिव्हर सोडल्या सोडल्या ती जागच्या जागी आवळते आणि शाफ्ट सील उडतं.

लेझर लेव्हलरवाल्यांनी वेगळं लक्ष द्या, कारण तिथं ट्रॅक्टरचं लिव्हर दिवसभर ओढून ठेवलेलंच असतं आणि लेव्हलरचा सोलेनॉइड (विजेनं चालणारा) व्हॉल्व्ह मिनिटाला कितीदातरी उघडझाप करतो. तो मधे असताना तेल मोकळं फिरणारा असला पाहिजे. नसला तर दिवसभर रिलीफ. दहापैकी आठ तापणारे लेव्हलर मी याच कारणानं बघितलेत, आणि मालक मात्र तेलाचा ब्रँड बदलत बसलेला असतो.

आता उचललेलं पातं हळूहळू खाली येतं त्याचं. दोघांपैकी एक गळतंय, व्हॉल्व्हचा स्पूल नाहीतर जॅकचं पिस्टन सील, पण गावाकडं टेस्ट करतात ती कपलर काढून. पातं उचलायचं, कपलर काढायचे, तरी खाली आलं तर जॅक, नाही आलं तर व्हॉल्व्ह. ही टेस्ट अर्धीच खरी. डोझरचा जॅक वजन खालून पेलत असेल आणि दोन्ही तोंडं घट्ट बंद असतील तर पिस्टन सील पार फाटलेलं असलं तरी जॅक फारसा बसत नाही, कारण रॉड आत यायचा तर तेवढ्या जागेचं तेल बाहेर जायला कुठंतरी पाहिजे ना. मग माणूस ठरवतो जॅक चांगला आणि परत व्हॉल्व्ह आणतो. त्यापेक्षा असं करा, जॅकचा रॉड पूर्ण बाहेर काढा, उचललेल्या पात्याखाली मजबूत ठोकळा देऊन ते त्यावर टेकवा, इंजिन बंद, लिव्हर दोन्ही बाजूला हलवून दाब सोडा, मग रॉडच्या बाजूचा पाईप जॅकवरून काढा आणि सुटलेल्या पाईपाच्या तोंडाला प्लग मारा. आता इंजिन मंद रेसवर ठेवून रॉड बाहेर काढायच्या बाजूलाच लिव्हर क्षणभर ओढा, चुकूनही उलटं नाही. उघड्या तोंडातून तेल वाहत राहिलं तर सील गेलंय, नुसते दोन थेंब पडून थांबलं तर जॅक बरा आहे, व्हॉल्व्हकडं बघा. वर उचललेल्या पात्याखाली किंवा ट्रॉलीखाली टेका न देता हे काही करायचं नाही. आणि बारीक भोकातून तेल उडतंय का ते हात फिरवून कधीच बघू नका, पुठ्ठा फिरवा. १५० बारचं तेल कातडीतून आत घुसतं, वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि दोन दिवसांत बोट कापायची वेळ येते. तसं झालं तर लगेच मोठ्या हॉस्पिटलला, घरी हळद लावत बसायचं नाही.

लिव्हर ओढल्या ओढल्या पातं आधी थोडं खाली बसतं आणि मग उचलतं, ही वेगळी तक्रार. ते लोड चेकचं (तेल उलटं जाऊ न देणाऱ्या झडपेचं) काम, छोटी गोळी नाहीतर पॉपेट असतो, त्याखाली कचरा अडकलेला असतो. धुवून बसवा, पैसे वाचले.

कुठलाही स्पूल व्हॉल्व्ह थोडा गळतोच, तो मुळात फिट बसवलेला लोखंडी दांडा, सील फक्त टोकांना, आत तेल अडवायला सील नाही. रात्रभर बकेट वर ठेवायचंच असेल तर जॅकवर पायलट चेक (दाबानं उघडल्याशिवाय तेल परत न सोडणारी झडप) लावा. फक्त पायलट चेक लावला की स्पूल मोटर टाईपचा पाहिजे, मधे ए-बी टाकीला मोकळे. साध्या स्पूलमध्ये दाब मधल्या पाईपात कोंडून राहतो, चेक नीट मिटत नाही, आणि मग लोक म्हणतात पायलट चेकचा काही फरक पडला नाही.

नवा व्हॉल्व्ह लावल्यावर लिव्हर जड चालतंय किंवा गरम झाल्यावर अडकतंय असं झालं तर आधी बसवायचे बोल्ट ढिले करून बघा. ज्या पट्टीवर बसवलाय ती वाकडी असते, बोल्ट आवळले की बॉडीला पीळ पडतो, आणि स्पूलची मोकळीक असते मोजून काही मायक्रॉन. बोल्ट ढिले केल्यावर लिव्हर मोकळं झालं तर व्हॉल्व्ह परत करू नका, पट्टी सपाट करून वॉशर घाला. दुसरं म्हणजे टेफ्लॉन टेप. समांतर आट्याच्या फिटिंगला टेप लागतच नाही, डाउटी वॉशर (आत रबराची कडी असलेला) लागतो. प्लंबरी सवयीनं गुंडाळलेल्या टेपचे धागे आत जाऊन स्पूलमध्ये आणि लोड चेकखाली अडकलेले मी चिमट्यानं काढलेत. आटे पण जुळवून घ्या, बीएसपीच्या (इंची पाईप-आट्याच्या) भोकात मेट्रिक निपल दोन आटे जातं, मग पान्यानं जोर लावला की बॉडी गेली.

कपलरचं तर इतकं साधं असतं की राग येतो. अर्धवट बसलेला कपलर एका बाजूनं तेल सोडतो आणि परत येताना मिटतो, जॅक बाहेर जातो आणि मागं येत नाही. आणि व्हॉल्व्ह खोलून बाकावर ठेवलेला असतो.

रिलीफचा स्क्रू. ताकद कमी वाटली की मिस्त्री पहिला हात तिथं घालतो. ६३ मिलीमीटरचा एक जॅक १५० बारला जवळपास पावणेपाच टन लावतो, २०० ला सहा टनाच्या वर, आणि डोझरला असे दोन असतात. पत्रा, वेल्डिंग, पुढचा एक्सल, पंप, कुणालाच त्यासाठी बनवलेलं नसतं. गेज लावल्याशिवाय तो स्क्रू हलवायचा नाही. ट्रॅक्टरच्या मॅन्युअलमध्ये दाब दिलेला असतो, डोझरच्या व्हॉल्व्हचा रिलीफ त्याच्यापेक्षा थोडा कमीच ठेवा. गेजवर दाब पूर्ण दाखवतोय आणि तरी काम हळू होतंय तर ते लिटरचं दुखणं आहे, पंप नाहीतर सक्शन फिल्टर, स्क्रूनं लिटर वाढत नाहीत.

दुकानात जाताना पंपाचे सीसी, रिलीफचा दाब, आटे कुठले आणि लिव्हरगणिक काय चालवणार एवढं कागदावर लिहून न्या. ओपन सेंटर, पॉवर बियाँडसकट, पहिला स्पूल फ्लोट, दुसरा साधा, असं सांगितलं की दुकानदाराला कळतं गिऱ्हाईक कोण आहे. बिलावर पण तसंच लिहून घ्या, नुसतं "दोन लिव्हर व्हॉल्व्ह १ नग" नको, बदलून मागायची वेळ आली तर त्या कागदावरच भांडता येतं.